कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही आमच्या घरात नुसती म्हण नव्हती. अनुभवाने मिळालेली ताकीद होती. वडील एका कापड गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी काही वर्षे कधी चालू, कधी बंद अशी धुगधुगत राहिली आणि मग थांबली. पुढे ग्रॅच्युइटीच्या रकमेसाठी त्यांनी कामगार न्यायालयाच्या इतक्या खेपा घातल्या की त्या इमारतीच्या जिन्याला किती पायऱ्या आहेत हे आईला तिथे न जाता पाठ झाले होते. त्यामुळे २०२३ च्या जुलैत, मॉलमधल्या सरकत्या जिन्यापाशी उभी राहून मी जेव्हा तिला म्हटले, "चल, वर फूड कोर्टात बसू," तेव्हा तिने कठड्यावर ठेवलेला हात मागे घेतला. "कोर्टात? आता कशाची तारीख हाय?" हा विनोद होता हे माझ्या लक्षात यायला काही क्षण लागले. आईच्या विनोदाला मी कायमच उशिरा हसत आले आहे.

त्या दिवशी आम्ही मॉलमध्ये जायला निघालोच नव्हतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरची तपासणी आटोपून परतत होतो. हिंदमाताला नेहमीप्रमाणे पाणी भरले होते, टॅक्सी लांबून फिरून आली आणि लोअर परळच्या गर्दीत अडकून पडली. कोसळत्या पावसात सर्वांत जवळचे छप्पर मॉलचे होते. आई डिलाईल रोडच्या चाळीत राहते. लग्न होऊन पाटण तालुक्यातून आली त्याला पन्नास वर्षे होतील. तिथून हा मॉल चालत पंधरा मिनिटांवर आहे, आणि तिने त्यात कधी पाऊल ठेवले नव्हते. दारात पिशवी तपासली गेली. आत शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा निघाला. बाहेरचे खाणे आत नेण्यास मनाई होती. पण सुरक्षारक्षक मुलगा कोल्हापूरकडचा निघाला. "आजी, आत उघडू नका म्हंजे झालं," एवढे सांगून त्याने सोडले. आईने त्यातला एक लाडू त्याच्या हातावर ठेवला.

हा मॉल गिरणीच्या आवारात उभा आहे हे वेगळे सांगायला नको. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींना वाट मोकळी करून दिली आणि पुढच्या वीस वर्षांत परळ-लोअर परळचे रूप पालटले. फिनिक्स मिल १९०५ ची. तिचे नाव तेवढे मॉलच्या पाटीवर उरले. कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि उपाहारगृहे आली. २०१७ च्या डिसेंबरात तिथल्या उपाहारगृहांना आग लागून चौदा माणसे गेली. तेव्हापासून आई कुठेही नव्या जागी बसली की आधी बाहेर पडण्याचे दार कुठे आहे ते पाहते. त्या दिवशीही पाहिले.

मी पदव्युत्तर वर्गाला 'ग्रामीण, दलित आणि कामगार साहित्य' अशी एक अभ्यासपत्रिका गेली पंधरा वर्षे शिकवते. जयंत पवारांचे 'अधांतर', त्यांचा 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हा कथासंग्रह, नारायण सुर्व्यांच्या कविता, मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी नोंदवलेल्या गिरणगावच्या आठवणी हे सारे मी इतक्या वेळा वर्गात बोलले आहे की गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये काय वाटायला हवे, याची माझ्यापाशी पूर्वतयारी होती. आईला काय वाटावे याचीही. वरच्या मजल्यावर काचेपाशी जागा मिळाली, समोर जपून ठेवलेली चिमणी पावसात भिजत होती. मी विचारले, "आई, इथं आधी काय होतं, आठवतं?"

"मला काय म्हाईत? आत कोण सोडत होतं? डबा गेटवर द्यायचा आन् माघारी फिरायचं."

खरेच होते. पन्नास वर्षे गिरणगावात काढून तिने गिरणी बाहेरूनच पाहिली होती. त्या भिंतींच्या आत ती प्रथमच येत होती, आणि आली तेव्हा तिथे खाण्याची बावीस दुकाने मांडलेली होती. तिने ती मोजली. मग म्हणाली, "बावीसच जेवणारे होते आपल्याकडं."

इथे आमच्या खानावळीविषयी सांगायला हवे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळण्याची सोय झाली. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत आईने खानावळ सुरू केली. दहा बाय बाराची खोली, दोन स्टोव्ह, एक परात. पहिली पाळी साडेतीनला सुटायची, दुसरी मध्यरात्री. त्यामुळे चुलीला उसंत नसे. घाटावरून आलेले, बायकापोरे गावी ठेवलेले पुरुष एका गाळ्यात पंधरा-पंधरा राहत आणि जेवायला आमच्याकडे येत. दोन पंगती होत. पगाराला हिशेब होई. गावी गेलेल्याचा खाडा धरला जाई, म्हणजे तितक्या दिवसांचे पैसे वजा. हे सगळे एका लांबट लाल वहीत लिहिलेले असे. आईला चौथीपर्यंतचे शिक्षण होते. तिचे आकडे मात्र अजून माझ्यापेक्षा देखणे आहेत.

तर फूड कोर्टात बसण्यापूर्वी एका खिडकीवर पैसे भरून कार्ड घ्यावे लागते. पाचशे रुपये भरले. कोणत्याही दुकानात कार्ड दाखवायचे, तितके पैसे कापले जातात. मी आईला ही पद्धत समजावून सांगताना माझ्या आवाजात किंचित दिलगिरी होती. माणसावर विश्वास न ठेवणारी ही व्यवस्था, असे काहीसे मी म्हणालेही. आईने कार्ड उलटसुलट करून पाहिले.

"आधी पैसे, मग ताट," ती म्हणाली. "बरोबर हाय."

त्या दिवशी आम्ही डोसा घेतला, कारण ओळखीचा पदार्थ सुरक्षित, असे मला वाटले. ती माझी चूक. डोसा ओळखीचा असल्यामुळेच आईपुढे उघडा पडला. पीठ आंबले नव्हते, सोड्याने फुगवले होते, आणि ते झाकायला आत पनीर, शेजवान चटणी आणि वर किसलेले चीज असा जामानिमा होता. "सासू आजारी, सून नटली," एवढाच तिचा अभिप्राय. ही म्हण आहे की तिने तिथल्या तिथे रचली, कुणास ठाऊक. बिल होऊन कार्डावर पंच्याऐंशी रुपये उरले. ते खिडकीवर परत मिळतात. पण मी तिकडे वळताच आईने अडवले. "राहू दे. खातं बंद करू नको. पुन्ना येऊ."

अशा रीतीने एक क्रम सुरू झाला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, तिच्या डोळ्यांच्या तपासणीच्या निमित्ताने आणि पुढे पुढे निमित्ताशिवाय, आम्ही वर जाऊन एकेका दुकानाचे खाऊ लागलो. बावीस संपवायची असा तिचा पण होता. दर वेळी काहीतरी शिल्लक उरे, ती संपवण्यासाठी पुढची खेप, त्या खेपेत पुन्हा पैसे भरणे, पुन्हा शिल्लक. "आयुष्यभर लोकांनी माझं बुडवलं," ती एकदा हसत म्हणाली, "आता आपलेच पैसे ह्यांच्याकडं पडून ऱ्हातात. म्हंजे ह्यांनी आपल्याला पुन्ना बोलवायलाच हवं."

आईच्या चव घेण्याच्या रीतीबद्दल मला लिहायचे आहे, कारण आपल्या साहित्यात असे माणूस मला फारसे भेटलेले नाही. अन्न आहे, भूक तर आहेच. 'बलुतं', 'उपरा'पासून पुढे भुकेचे आणि उष्ट्याचे जे लेखन झाले त्याशिवाय मराठी गद्य अपुरे राहिले असते. शाहू पाटोळ्यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म'मध्ये ताटाबाहेर ठेवलेल्या अन्नाची नोंद केली. दुसऱ्या बाजूला १९१० चे लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' आहे, १९७० चे कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' आहे. त्यांत करणारी बाई आहे. पण स्वतः बसून, दुसऱ्याने केलेले खाऊन, त्यावर निवाडा देणारी बाई? ती जागा बहुतेक पुरुषाची. तो खातो, तृप्त होतो, आठवणी काढतो. करणारी शेवटी बसते आणि तिच्या वाट्याला तळ येतो. आमच्या घरात दुसरी पंगत उठल्यावर आई जे जेवायची त्याला जेवण म्हणणे धाडसाचे होईल. आमटी संपलेली असे, म्हणून भातावर ती ताक किंवा नुसते तेल-तिखट घेई. हे मला त्या वयात दिसत होते आणि विशेष वाटत नव्हते.

फूड कोर्टात ती पहिला घास घेई तो डोळे मिटून. मग दुकानाकडे वळून करणाऱ्याचे हात पाही. चिनी पदार्थांच्या दुकानातली आच तिला फार आवडली. तिच्या स्टोव्हला ती आच सात जन्मांत आली नसती. तिथला भात सकाळी शिजवून गार केलेला आहे हे तिने लांबूनच ओळखले आणि ते योग्यच असल्याचे सांगितले, ऊन भाताचे असे मोकळे होत नाही म्हणून. थाई दुकानातली हिरवी कढी तिने "गवती चहाची आमटी" म्हणून संपवली. पाणीपुरीपाशी मात्र तिचे बिनसले. हातमोजे घातलेल्या मुलाने सहा पुऱ्या एका लांबट बशीत मांडून, पाणी वेगळ्या चंबूत देऊन, ट्रे पुढे केला. आईने ट्रेकडे पाहिले, मुलाकडे पाहिले आणि म्हणाली, "आन् तू?" पाणीपुरी देणारा समोर उभा राहून एकेक हातात देत नसेल तर ती पाणीपुरी कसली, असा तिचा मुद्दा. तो मला पटला. माझ्या विश्वासाच्या सिद्धान्ताला त्यामुळे थोडा आधारही मिळाला. पण तो फार काळ टिकला नाही.

एका कोपऱ्यात 'अस्सल मराठी' म्हणवणारे दुकान होते. झुणका-भाकरीच्या ताटाला दोनशे साठ रुपये. १९९५ मध्ये राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर योजना काढली होती, ते आठवून मी हिशेब करू लागले. आईला त्या हिशेबात रस नव्हता, झुणक्यातही नव्हता. "ह्ये मी करत्येच की. मला जे येत न्हाई ते दाव." बावीसमधून तिने ते एकच दुकान वगळले.

जे येत नाही ते. मी तिला ब्लूबेरी चीजकेकपाशी नेले. तोपर्यंत मला एक खेळ लागला होता: ती प्रत्येक नव्या पदार्थाला कुठल्या जुन्या पदार्थाची उपमा देते ते टिपून ठेवायचे. फलाफलला डाळवडा, पास्त्याला शेवयांची थोरली बहीण. चीजकेकचा घास तिने बराच वेळ तोंडात ठेवला. मी थांबले. "कशासारखं लागतं?" अखेर विचारले. "कशासारखंबी न्हाई," ती म्हणाली. "चांगलं हाय." आणि उरलेला सगळा एकटीने खाल्ला. वर्गात उपमा-रूपकांवर तासन्‌तास बोलणाऱ्या मला उपमानच न सापडल्याचा हा आनंद नवा होता.

विश्वासाचा विषय निघाला तो चौथ्या की पाचव्या खेपेला. ती लाल वही माझ्याकडे आहे. आई रद्दीत घालणार होती, मी वाचवली. तिच्या शेवटच्या सोळा पानांवर १९८२-८३ चा हिशेब आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर आले, आणि दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पगार थांबले. आमच्याकडले बावीस जण जेवत मात्र राहिले. पानागणिक नावांपुढे रक्कम वाढत जाते, मग एकेक नाव गळते: माणूस गावी गेला. खाडा धरायचाही प्रश्न उरला नाही. शेवटच्या पानावर बेरीज आहे, चार हजार एकशे बारा रुपये. या वहीवर मी काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात निबंध वाचला होता. त्यात मी तिला 'विश्वासाचा दस्तऐवज' म्हटले होते. बाजारव्यवस्थेच्या बाहेर, भूक आणि माणुसकी यांच्या आधारावर चाललेला एक व्यवहार, अशी मांडणी होती. निबंधाचे कौतुक झाले, तो छापून आला. आईला मी तो वाचून दाखवला नव्हता.

त्या दिवशी मोमो खाता खाता मी तिला त्याबद्दल सांगितले. कार्डाच्या आणि वहीच्या तुलनेवर माझ्या मनात दुसरा निबंध आकार घेत होता, हेही कबूल करते. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"इस्वास कसला? बंद केलं आस्तं तर बावीस गिऱ्हाइकं कायमची तुटली आस्ती. संप मिटंल, पगार हुतील, मग समद्यांचं एकदम येईल, म्हणून वाढत ऱ्हायले. तुझ्या बाबांचाबी पगार बंद. मंगळसूत्र गहाण टाकून पीठ आणलं. तुझ्या दुधाचं पैसं त्या वहीत हायत."

मी १९७९ ची. तेव्हा तीन वर्षांची असेन.

"कुणी आणून दिले नाहीत?"

"दोघं आले. एक तर लई वर्षांनी आला, तांदळाचं पोतं घिऊन. बाकीच्यांची वाट बघितली. त्यांचीबी चूक न्हवती. पर वाट बघितली मी. तू त्याला इस्वास म्हन."

यावर मला बोलता आले नाही. निबंध आता मागे घेता येत नाही. माझ्या पदोन्नतीच्या फायलीत त्याची प्रत लावलेली आहे आणि तिला गुणही मिळालेले आहेत. आईला राग वगैरे आला नव्हता. तिचे लक्ष मोमोकडे होते. "ह्येच्या कळ्या बघ. तुला उकडीच्या मोदकाच्या अशा कधी आल्या न्हाईत."

मोमोवाला मुलगा दार्जिलिंगकडचा, वीस-बावीस वर्षांचा. त्या दुकानावर आम्ही नियम मोडून तीनदा गेलो, कारण आईला त्याचे हात पाहायचे असत. तिसऱ्या खेपेस दुपारची गर्दी ओसरलेली होती. आईने तिच्या गिरगाव-परळ हिंदीत विचारले, "तू खाना किधर खाता रे? ये ही खाता?" तो हसला. मॉलमधले खाणे त्यांना परवडत नाही. आणि दिवसभर मोमो वळल्यावर खावेसेही वाटत नाही. तो आणखी सात जणांबरोबर वरळीला एका खोलीत राहतो. चौघे दिवसा कामावर, चौघे रात्री. जवळच्या चाळीतली एक मावशी सगळ्यांना डबा देते.

आई ट्रे बाजूला सारून काउंटरपाशी गेली. मग जी विचारपूस झाली ती एखाद्या जाणकाराने जाणकाराची करावी तशी. चपात्या किती? चार. भाजी एक की दोन? भात रोज? मच्छी कधी? बुधवारी आणि रविवारी. महिन्याचे किती? दोन्ही वेळचे चार हजार. आगाऊ? हो, एक तारखेला, आगाऊ. आई मान डोलावत होती. शेवटी तिने विचारले, "गाँव जाता तो खाडा धरती क्या?"

त्याला तो शब्द कळला नाही. आईने बोटे मोजून समजावले: पंधरा दिवस घरी गेलास, जेवला नाहीस, तर तितके पैसे कापते का?

"नहीं आजी. पूरा लेती है."

आई क्षणभर गप्प राहिली. माझ्याकडे वळून म्हणाली, "शहाणी हाय बाई."

मग तिला आणखी एक प्लेट हवी झाली. मुलाने कार्ड यंत्रावर टेकवले. वीस रुपये कमी पडत होते. मागे कुणी नव्हते, त्याचा वरिष्ठही आसपास नव्हता. "चलेगा आजी, अगली बार दे देना," तो म्हणाला आणि मोमो वाफेवर ठेवायला वळला.

"न्हाई, न्हाई," आईने त्याचा हात धरून थांबवला आणि कार्ड माझ्या हातात दिले. "उधारी नको. जा, भरून आण."

मी पैसे भरण्याच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. माझ्यापुढे अकरा माणसे होती.